खोक्यावर न छापलेला क्रमांक : लिनक्सवर वापरलेल्या वायफाय डोंगलचे आणि नेटवर्क कार्डाचे परीक्षण

इंदूरमधील आमच्या छोट्या मराठी वाचनालयातील संगणक जुने आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय या यंत्रांत नाही. त्यामुळे सर्व संगणकांवर डेबियन (लिनक्सवर आधारित मुक्त संगणकप्रणाली) बसवायचे आणि ग्रंथसूचीसाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर वापरायचे, असे कार्यकारिणीने ठरवले. सॉफ्टवेअरचा भाग अपेक्षेपेक्षा सोपा गेला, नेटवर्कचा मात्र गेला नाही. इमारत जुन्या वाड्याची आहे, भिंती जाड आहेत आणि त्यांना भोके पाडायला मालकांची परवानगी नाही. तेव्हा सर्व्हरला तारेचे गिगाबिट कार्ड आणि वाचनकक्षातील संगणकांना यूएसबी वायफाय डोंगल (यूएसबी खाचेत लावायचे वायफायचे छोटे उपकरण) अशी विभागणी करावी लागली. हे परीक्षण मुख्यतः त्या डोंगलचे आहे, आणि ते विकत घेण्याइतकेच ते लिनक्सवर चालते करण्याविषयीही आहे.

निर्णय आधीच सांगतो. वस्तू चांगली आहे, किमतीच्या मानाने तर फारच चांगली आहे. तिच्यासोबत खोक्यातून मिळणारा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) मात्र अजिबात वापरू नये. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच माल बाजारात निरनिराळ्या नावांच्या खोक्यांत मिळतो आणि नावावरून ग्राहकाला उपयोगाचे असे काहीही कळत नाही.

इंदूरमध्ये अशा सामानासाठी दोन ठिकाणे आहेत. जेल रोडवर मोबाइल आणि त्याचे सुटे सामान मुबलक मिळते. संगणकाचे सामान घ्यायचे असेल तर आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉल बरा. आम्ही सिल्व्हर मॉलमधील एका दुकानातून डोंगल घेतले. लिनक्सवर चालेल का, असे विचारताच दुकानदाराने खोके उलटे करून त्यावरचे पेंग्विनचे, म्हणजे लिनक्सच्या बोधचिन्हाचे, चित्र दाखवले आणि म्हणाला, ‘भैया, सब में चलता है.’ खोक्यावर वेग, अँटेना, हमी आणि आयातदाराचा पत्ता होता. नव्हता तो फक्त आतल्या चिपचा क्रमांक, आणि लिनक्सच्या ग्राहकाला हव्या असलेल्या माहितीपैकी नव्वद टक्के माहिती त्या एका क्रमांकात असते.

या क्रमांकाचे महत्त्व ठाऊक नसणाऱ्यांसाठी एक जुने आणि सर्वज्ञात उदाहरण देतो. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती आणि तिचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असल्याने ते लिनक्सवाल्यांचे लाडके होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत नाव तेच राहिले, आत मात्र रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली, आणि पहिल्या आवृत्तीबद्दल लिहिलेला सगळा सल्ला पुढच्या ग्राहकांना गैरलागू झाला. मॉडेलचे नाव ही पाटी आहे. दुकान आत बदललेले असू शकते.

आमच्या डोंगलवर ‘एसी ६००’ असे ठळक छापलेले आहे. हा आकडा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचा १५० किंवा २०० आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचा ४३३ मेगाबिट यांची बेरीज करून, सोयीने गोल केलेला असतो. यंत्र एका वेळी एकाच पट्ट्यावर चालते, म्हणून सहाशे हा वेग कोणालाही, कधीही, कोणत्याही खोलीत मिळणार नाही. शिवाय जोडणी यूएसबी २.० ची, म्हणजे कागदावरसुद्धा ४८० मेगाबिटची आहे. यात बेकायदा काही नाही, पण ग्राहकाने ४३३ हा आकडा वाचावा आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याची अपेक्षा ठेवावी.

डोंगल प्रथम जोडले तेव्हा पडद्यावर वायफायऐवजी एक सीडी अवतरली. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिल्यावर ०बीडीए:१ए२बी अशी ओळख दिसली. ०बीडीए हा रिअलटेकचा निर्माता-क्रमांक आहे, आणि १ए२बी म्हणजे यंत्र सध्या सीडीचे सोंग घेऊन बसलेले आहे. विंडोजच्या ग्राहकाला ड्रायव्हर वेगळा शोधावा लागू नये म्हणून डोंगलच्या पोटातच एक छोटी आभासी सीडी ठेवलेली असते. ती बाहेर काढली की यंत्र आपले खरे रूप घेते. यासाठी डेबियनमध्ये ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचे पॅकेज आहे. ते नसेल तर त्या सीडीवर ‘इजेक्ट’ ही आज्ञा चालवली तरी काम होते. पुन्हा ओळख पाहिली, तर आता ०बीडीए:सी८११ असे उत्तर आले. हा आरटीएल८८११सीयू, म्हणजेच ८८२१सीयू कुटुंबातील चिपचा क्रमांक. खोक्याने लपवलेली गोष्ट दोन आज्ञांत बाहेर आली.

आता सोबतच्या ड्रायव्हरविषयी. खोक्यात आठ सेंटिमीटरची एक चकती आहे. वाचनालयातील एकाही संगणकाला सीडीचा खण नाही, म्हणून ती एका सभासदांच्या घरच्या लॅपटॉपवर उघडून पेनड्राइव्हवर आणावी लागली. तिच्यातील ‘लिनक्स’ नावाच्या फोल्डरात ड्रायव्हरचा मूळ कोड आणि तो संकलित (कंपाइल) करून बसवणारी एक स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट चालवताच पडदा तांबड्या ओळींनी भरून जातो. त्या ओळी वाचल्या तर कारण स्वच्छ कळते: हा कोड ज्या कर्नेलसाठी लिहिला गेला तो कधीच मागे पडला आहे. टायमर सुरू करण्याची जुनी पद्धत कर्नेल ४.१५ मध्ये काढून टाकली गेली, ‘प्रॉक’ फायलींची मांडणी ५.६ मध्ये बदलली, आणि चकतीवरच्या कोडला यातले काहीही ठाऊक नाही. लिनक्सच्या कर्नेलमध्ये वापरकर्त्याच्या प्रोग्रामांशी असलेले नाते जपले जाते, पण ड्रायव्हरांशी असलेली आतली जोडणी कायम ठेवण्याचे वचन मुद्दामच दिलेले नाही. ड्रायव्हर कर्नेलच्या आत असेल तर जोडणी बदलणारा माणूसच तो दुरुस्त करतो. बाहेर असेल तर ती जबाबदारी ज्याची त्याची. येथे ती कंपनीची होती आणि तिने चकती छापल्यावर ती सोडून दिली. खोक्यावर पेंग्विन छापायला लागणारा खर्च हा त्यानंतर ड्रायव्हर सांभाळायला लागणाऱ्या खर्चापेक्षा फारच कमी असतो, एवढेच यावरून म्हणता येईल.

सुदैवाने या चिपसाठी चकतीची गरजच उरलेली नाही. कर्नेलमधील ‘आरटीडब्ल्यू८८’ हा ड्रायव्हर पूर्वी पीसीआय-एक्स्प्रेसवरील, म्हणजे संगणकाच्या आतल्या खाचेतील, कार्डांपुरता होता. त्याला यूएसबीची बाजू जोडण्याचे काम जर्मनीतील साशा हाउअर यांनी केले आणि ते कर्नेल ६.२ मध्ये दाखल झाले; ८८२१सीयू, ८८२२बीयू, ८७२३डीयू या चिप तेव्हापासून कर्नेललाच ओळखू येतात. जुन्या कर्नेलवर हाच ड्रायव्हर वापरता यावा म्हणून अमेरिकेतील लॅरी फिंगर यांनी त्याची वेगळी प्रत अनेक वर्षे सांभाळली. जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. रिअलटेकच्या स्वस्त वायफायवर लिनक्स चालवणाऱ्या आपल्यासारख्या असंख्य लोकांनी त्यांचे काम वापरलेले आहे आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांचे नावही माहीत नसेल.

म्हणून डोंगल चालेल की नाही याचे उत्तर कर्नेलच्या आवृत्तीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२ कर्नेल आहे. तेथे ‘फर्मवेअर-रिअलटेक’ हे पॅकेज बसवले, डोंगल काढून पुन्हा लावले, आणि नेटवर्कच्या यादीत राउटरचे नाव आले. एवढेच. कोणतेही संकलन नाही, कोणतीही स्क्रिप्ट नाही. फर्मवेअर नसेल तर ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नेलच्या नोंदींत ‘आरटीडब्ल्यू८८२१सी’ या नावाची फाइल सापडली नाही अशी स्पष्ट तक्रार दिसते, म्हणून गडबड झाल्यास प्रथम तेथेच पाहावे. ड्रायव्हर कर्नेलमध्ये असूनही हे फर्मवेअर वेगळे का, असे आमच्या एका सभासदांनी विचारले. ते चिपच्या आतल्या प्रोसेसरवर चालते, त्याचा मूळ कोड खुला नाही, आणि म्हणून डेबियन ते मुक्त भांडारात ठेवत नाही. पूर्वी यामुळे नव्या माणसाची फार अडचण होत असे. २०२२ मधील मतदानानंतर डेबियन १२ पासून अधिकृत प्रतींतच हे फर्मवेअर येऊ लागले आणि त्या भांडाराला ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असे वेगळे नाव मिळाले. तत्त्व थोडे वाकले हे खरे, पण वाचनालयाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे.

नेट नाही म्हणून पॅकेज नाही आणि पॅकेज नाही म्हणून नेट नाही, या कोंडीवर सोपा उपाय आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्यावर ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. त्यासाठीचे ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीपासून असतात आणि संगणकाला फोन हे तारेचे नेटवर्क कार्ड म्हणून दिसते.

खरी परीक्षा झाली ती एका संगणकावर. बारकोडच्या चिठ्ठ्या छापण्याचे जुने सॉफ्टवेअर त्यावर असल्याने तो डेबियन १२ वरच ठेवावा लागला. तेथे कर्नेल ६.१, म्हणजे हवी असलेली गोष्ट नेमकी एका पायरीने पुढे. अशा वेळी दोन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसच्या मदतीने बसवणे. डीकेएमएस ही व्यवस्था डेलच्या अभियंत्यांनी तयार केली. कर्नेल बदलला की ती बाहेरचे मॉड्यूल (ड्रायव्हरचा संकलित तुकडा) आपोआप पुन्हा संकलित करते. व्यवस्था उत्तम आहे, परंतु तिला त्या त्या कर्नेलच्या हेडर फायली लागतात, आणि नव्या कर्नेलला कोड मानवला नाही तर ती काहीच करू शकत नाही. त्यात सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक पायरी वाढते. डेबियनचे स्वतःचे मॉड्यूल सही केलेले असतात. डीकेएमएसने घरी बनवलेल्या मॉड्यूलवरची सही यंत्राला अनोळखी असते. तेव्हा ‘मोकयूटिल’ने आपली किल्ली नोंदवायची, तात्पुरता पासवर्ड द्यायचा, संगणक पुन्हा सुरू करायचा आणि त्या वेळी येणाऱ्या निळ्या पडद्यावर तोच पासवर्ड टाकून किल्ली स्वीकारायची. तो पडदा काही सेकंदच थांबतो. समोर कोणी नसेल तर संगणक मुकाट्याने पुढे सुरू होतो, ड्रायव्हर चढत नाही आणि कारण कुठेही ठळकपणे दिसत नाही.

ही वाट आम्ही काही काळ चालवून पाहिली. एका अद्ययावतीकरणात नवा कर्नेल आला, हेडर आले नाहीत, आणि सकाळी ग्रंथपाल ताईंचा फोन आला: ‘दादा, देवघेवीच्या संगणकावर नेट नाही, आणि तुमच्या त्या डोंगलचा दिवाही लागत नाहीये.’ ज्या ठिकाणी रोज संगणकाचा जाणकार हजर नसतो, तेथे डीकेएमएस बसवू नये या मताला मी त्या दिवसापासून आलो आहे. दुसरी वाट म्हणजे डेबियन १२ वरच ‘बॅकपोर्ट्स’ या, जुन्या आवृत्तीसाठी नवी पॅकेजे देणाऱ्या, भांडारातून नवा कर्नेल घेणे. तो डेबियनने सही केलेला असतो, सिक्युअर बूटची कटकट राहत नाही, ड्रायव्हर आतच असतो. बारकोडचे सॉफ्टवेअर त्यावर पूर्वीसारखेच चालले. मात्र बॅकपोर्ट्समधून फर्मवेअरचे पॅकेजही नवेच घ्यावे. कर्नेल नवा आणि फर्मवेअर जुने अशी जोडी शक्यतो ठेवू नये.

जोडणी झाल्यावर थोडी जुळवाजुळव करावी लागली. वीज वाचवण्यासाठी वायफाय मधूनमधून डुलकी घेते, आणि कोहाच्या पानावर बारकोड वाचल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, असा त्याचा परिणाम दिसतो. देवघेवीच्या रांगेत तो फार जाणवतो. नेटवर्कमॅनेजरच्या मांडणीत ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ या नोंदीची किंमत २ केली की ही बचत बंद होते आणि खोळंबा जातो. देशाचा संकेत ठरलेला नसेल तर ५ गिगाहर्ट्झच्या काही वाहिन्यांवर बंधने राहतात. तेथे भारतासाठी ‘आयएन’ हा संकेत दिला. डोंगलला डेबियन ‘डब्ल्यूएलएक्स’ आणि पुढे त्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख-क्रमांक) असे लांबलचक नाव देते. ते दिसायला कुरूप आहे, पण सोयीचे आहे, कारण डोंगल कोणत्याही खाचेत लावले तरी नाव बदलत नाही आणि झाडलोट करताना निघालेले डोंगल कोणीही कुठेही परत लावू शकते.

एक गोष्ट ड्रायव्हरची नसून जागेची आहे, तरी तिचा दोष हमखास ड्रायव्हरला दिला जातो. यूएसबी ३.० च्या खाचेतून आणि तिला जोडलेल्या हार्डडिस्कमधून निघणारा रेडिओ-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात येतो. इंटेलने यावर २०१२ मध्येच लिहून ठेवले आहे. आमच्या एका संगणकात डोंगल आणि बॅकअपची डिस्क शेजारी होत्या आणि बॅकअप सुरू झाला की नेट तुटत असे. डोंगल एका साध्या एक्स्टेन्शन केबलवर घेऊन टेबलाच्या कडेला चिकटवले, पट्टा ५ गिगाहर्ट्झचा ठेवला, आणि ते तुटणे थांबले. कंपनीने त्या निरुपयोगी चकतीऐवजी खोक्यात अशी वीतभर केबल दिली असती तर बरे झाले असते.

वेगाचे म्हणाल तर राउटरच्याच खोलीत दोनशे मेगाबिटच्या आसपास आणि वाड्याच्या दोन भिंतींपलीकडे साठ-सत्तर मेगाबिट मिळतात. ग्रंथसूची, ईपुस्तके आणि अधूनमधून एखाद्या जुन्या व्याख्यानाचे चित्रण पाहणे एवढ्यासाठी ते पुरेसे आहे. यंत्र तापते, पण हात लावता येणार नाही इतके नाही. निळा दिवा फार प्रखर आहे. वाचनकक्षात त्यावर कागदी पट्टी चिकटवावी लागली.

सर्व्हरसाठी घेतलेल्या पीसीआय-एक्स्प्रेस कार्डाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याने त्रास असा दिलाच नाही. त्यावर रिअलटेकची ८१६८ कुटुंबातील चिप आहे आणि कर्नेलमधील ‘आर८१६९’ हा ड्रायव्हर ती आपोआप उचलतो. या चिपसाठी ‘आर८१६८’ नावाचा वेगळा ड्रायव्हर बसवा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो डेबियनमध्ये पॅकेजरूपात आहे आणि बसताच मूळ ड्रायव्हरला बाजूला सारतो. जुन्या काळी त्याला कारणे होती. हाइनर कालवाइट यांनी मूळ ड्रायव्हरची केलेली निगा पाहता आज तो आधी बसवण्याचे कारण नाही. सुरुवातीला ‘ईथटूल’ या आज्ञेने वेग १००० ऐवजी १०० दाखवला, आणि कार्ड परत करण्याची भाषा सुरू झाली. दोष कपाटातून काढलेल्या जुन्या केबलचा होता: तिच्यात चारपैकी दोनच जोड्या शाबूत होत्या. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

कार्ड बसवताना एका गोष्टीची पूर्वकल्पना हवी. नव्या पद्धतीत तारेच्या कार्डाचे नाव त्याच्या पीसीआयमधील स्थानावरून ठरते. एका खाचेत नवे कार्ड आले की मदरबोर्डवरच्या जुन्या कार्डाचा क्रमांक सरकू शकतो, काल ‘ईएनपी२एस०’ असलेले आज ‘ईएनपी३एस०’ होते, आणि स्थिर पत्ता ज्या नावाने लिहिला होता ते नावच उरत नाही. सर्व्हर पडद्याशिवाय कोपऱ्यात असेल तर तो नुसता गायब झाल्यासारखा वाटतो. सिस्टमडीची (डेबियनमधील सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) एक छोटी ‘लिंक’ फाइल लिहून, मॅक पत्त्यावरून कार्डाला आपल्या पसंतीचे कायमचे नाव देणे हा पक्का उपाय. ही फाइल कार्ड लावण्यापूर्वी लिहावी.

वायफायसाठी दुसरा पर्याय हवा असल्यास मीडियाटेकच्या चिपांचा विचार जरूर करावा. एमटी७६०१यू ही अगदी स्वस्त, फक्त २.४ गिगाहर्ट्झची चिप कर्नेल ४.२ पासून, आणि दोन्ही पट्ट्यांची एमटी७६१२यू ४.१९ पासून कर्नेलमध्ये आहे, म्हणजे डेबियन १२ वरही बॅकपोर्ट्सशिवाय चालते. इंदूरच्या दुकानांत एमटी७६१२यू सहज मिळत नाही, मागवावी लागते. लॅपटॉपमध्ये किंवा रिकामी खाच असलेल्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचे कार्ड सर्वांत निर्धोक. यूएसबीत मात्र इंटेल नाही.

दुकानाला मी कंपनीपेक्षा जास्त गुण देईन. डेबियनची लाइव्ह (न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारी) प्रत असलेला पेनड्राइव्ह घेऊन गेलो, तर काउंटरवरच्या लॅपटॉपला तो लावून, खोके फोडून डोंगल तपासू द्यायला दुकानदाराने हरकत घेतली नाही. उरलेल्या संगणकांसाठी डोंगल आणायला गेलो तेव्हा त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या खोक्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘आवृत्ती २’ छापलेले आढळले. लावून पाहिले, तर ओळख निराळीच आली आणि ती लाइव्ह प्रतीतल्या कर्नेलला ठाऊक नव्हती. ते परत केले. दुकानदाराने गोदामातून पहिल्या आवृत्तीचे शिल्लक नग काढून आणले, ते प्रत्येक लावून पाहिले आणि घेतले.